चीं... चीं...

काकांची जुनी पिकअप ब्रेक दाबला की किंचाळायची. स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून पाचगणीहून पसरणी घाट उतरायचा, आणि काका काय करणार? टेपचा आवाज वाढवणार! गॅरेजवाल्याने दोनदा ब्रेक पॅड बदलले, महिन्याभरात पुन्हा चीं चीं.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते ती डिस्कवरच्या गंजाची, ती आपोआप जाते. हे रोजचं होतं. काही पॅडना तर एक पत्र्याची पट्टी मुद्दाम लावलेली असते, पॅड संपत आला की ओरडायला. आणि आपण गाणी लावतो!

शेवटी रविवारी चाक काढलं. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा, आतला पार घासलेला. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. त्या न बघता नुसते पॅड बदलणं ही माझ्या मते दुरुस्तीच नव्हे. पिना घासून पुसून उष्णता सोसणारं ग्रीस लावलं (पॅडला-डिस्कला चुकूनही नाही हं!) आणि पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड नवे घातले.

काल काकांचा फोन आला. "अरे, घाटात फार शांत वाटतं. ब्रेक लागतायत ना नक्की?"