प्रवासवाट : अश्दोद

भूमध्य समुद्राच्या वालुकामय किनाऱ्यावरील इस्रायलचे अश्दोद हे बंदराचे शहर १९५६ साली वसविले गेले. कोकणातून गेलेली बेने इस्रायल ज्यू कुटुंबे येथे राहतात. त्यांच्या ज्येष्ठांशी मराठीतच बोलता येईल. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत विश्रामवार असल्याने खरेदी शुक्रवारी सकाळीच उरकावी.

आहाराबाबत मात्र दक्षता हवी. कोशेर नियमानुसार मांस व दूध यांचे मिश्रण वर्ज्य, म्हणून दुग्धाहारी उपाहारगृहात मांस शिजत नाही. तथापि अंडी व मासे चालतात. वेष्टनावर ‘पार्वे’ लिहिले असले, तरी त्यात अंडे किंवा मासा असू शकतो. तेव्हा हे दोन्ही, तसेच कांदा, लसूण व अन्य कंदमुळे नकोत, असे स्पष्ट सांगावे. स्वतः आहारनियम पाळणाऱ्यास दुसऱ्याचा नियम लवकर उमगतो.