विश्लेषण : ‘आपला माणूस’ जिंकला, पण त्याला उभं कुणी केलं?

४ नोव्हेंबर २०२४, दुपारचे तीन. राजारामपुरीत जनता बाजार चौकाजवळच्या चहाच्या गाड्यावर चहा थंड होत होता आणि सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. विधानसभेसाठी अर्ज मागे घेण्याची मुदत संपत होती. कोल्हापूर उत्तरमधल्या काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी अर्ज मागे घेतल्याचा मेसेज ग्रुपवर फिरत होता. पक्षाने आधी राजेश लाटकर यांचं नाव जाहीर केलं होतं, मग ते बदललं, आणि आता बदललेला उमेदवारही रिंगणात नव्हता. काँग्रेसचं ‘हात’ हे चिन्हच या मतदारसंघात उरलं नाही. पुढे पक्षाने अपक्ष लाटकरांना पाठिंबा दिला आणि निवडून आले शिवसेनेचे राजेश क्षीरसागर.

दोनच दिवसांनी, ६ तारखेच्या सकाळी, त्याच गाड्यावर विषय पूर्ण बदललेला होता. “पेनसिल्वेनिया गेलं की संपलं बघा, १९ मतं हायेत तिथं.” अमेरिकेच्या मतमोजणीचे लाल-निळे नकाशे लोक एकमेकांना दाखवत होते. कुठल्या राज्याची किती प्रतिनिधी मतं, हे तोंडपाठ. पण परवा आपल्याच शहरात उमेदवार नेमका कुणी ठरवला, कुणी बदलला आणि कोणत्या नियमाने, असं विचारलं असतं तर गाड्यावर एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही, आणि मी बातम्यांचंच काम करते.

परदेशातलं राजकारण बघू नका, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मी स्वतः इंजिनिअरिंग सोडून या धंद्यात आले, त्याला रात्री जागून बघितलेले ब्रिटनचे निकाल थोडेफार कारणीभूत आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण चुकीची गोष्ट बघतो. माणूस बघतो, नियम बघत नाही.

‘यात आपलं कुणी आहे का?’

कुठल्याही देशाचा निकाल लागला की डिजिटल डेस्कवर पहिला प्रश्न हाच येतो. आपलं कुणी सापडलं की बातमी चालते. त्या ६ नोव्हेंबरला सापडले श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, म्हणजे कोल्हापूरपासून दीड-दोन तासांवरचा, वाढले बेळगावात. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मचरित्र या भागात अनेकांनी वाचलेलं. मिशिगन राज्याच्या १३ व्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पोहोचले आणि २०२४ मध्ये पुन्हा. ‘बेळगावचा मराठी माणूस’ असं शीर्षक मीच दिलं होतं. चांगलं चाललं.

त्या शीर्षकात जे नव्हतं ते असं. १३ व्या मतदारसंघात डेट्रॉइट शहराचा मोठा भाग येतो. या शहरात तीन चतुर्थांशांहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत, आणि १९५५ पासून तिथून कायम किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला जात होता. २०२२ च्या निकालाने ती परंपरा तुटली. आपल्यासाठी जी ‘आपला माणूस पोहोचला’ अशी बातमी होती, ती तिथल्या अनेकांसाठी ‘आपला माणूस उरला नाही’ अशी होती. एकच निकाल, दोन बातम्या. आम्ही एकच दिली.

तिकीट की मत?

ठाणेदार जिंकले कसे, हा त्याहून कामाचा प्रश्न आहे. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे ‘एबी फॉर्म’. ‘ए’ फॉर्ममध्ये पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कुणाला आहे ते असतं, ‘बी’ मध्ये उमेदवाराचं नाव. हे दोन कागद ज्याच्या हातात, तो उमेदवार. अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री कोण कुणाच्या बंगल्याबाहेर थांबलं, कुणाच्या हातातला फॉर्म ऐनवेळी दुसऱ्याकडे गेला, हे आपल्या निवडणुकीतलं ठरलेलं नाट्य.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीही मतदानच होतं, त्याला प्राथमिक निवडणूक म्हणतात. मिशिगनमध्ये तर पक्षाचं सदस्य असावं लागत नाही. कुठल्याही मतदाराने एका पक्षाची प्राथमिक निवडणूक निवडायची आणि त्या पक्षाच्या इच्छुकांपैकी एकाला मत द्यायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणेदारांसमोर आणखी आठ इच्छुक होते. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने खरी लढत तीच होती. नोव्हेंबरची निवडणूक जवळपास औपचारिकता.

इथवर वाचून ‘बघा, लोकशाही असावी तर अशी’ असं वाटत असेल तर थोडं थांबा. नऊ जणांत मतं इतकी विभागली गेली, की ठाणेदार साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. आणि पैसा? २०१८ मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी प्राथमिक निवडणूक लढवली, तेव्हा स्वतःच्या खिशातून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम प्रचारात घातली. तरी तिसरे आले. अमेरिकेत उमेदवाराने स्वतःचा किती पैसा खर्च करावा याला मर्यादा नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच तशी मर्यादा घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे २०२४ ला विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा होती, लोकसभेला ९५ लाखांची. अर्थात पक्षाच्या खर्चाला आपल्याकडेही मर्यादा नाहीच, आणि कागदावरचे ४० लाख म्हणजे प्रत्यक्षात किती, हे राजारामपुरीतल्या मेन रोडवरचे फ्लेक्स मोजले तरी कळतं.

म्हणजे तिकडचा नियम उचलून इकडे आणा, असं सोपं नाही. पण तिथे एक गोष्ट आहे जी इथे नाही. ठाणेदारांना कुणी उभं केलं, याचं उत्तर आकड्यात देता येतं.

वराडच्या नातवाची गोष्ट

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात आपल्या मनासारखं सगळं घडत नाही. लिओ वराडकर. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, आई आयरिश. जून २०१७ मध्ये ३८ व्या वर्षी ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा ‘कोकणचा सुपुत्र’ हे शब्द मराठी बातम्यांत किती वेळा आले असतील, मोजदाद नाही. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते वराडला येऊनही गेले.

पण त्यांना पक्षाचं नेतृत्व मिळालं ते कसं? त्यांच्या ‘फिना गेल’ पक्षात नेता निवडताना तीन गट मत देतात आणि तिघांचं वजन वेगळं : खासदारांचं ६५ टक्के, सामान्य सदस्यांचं २५ टक्के, स्थानिक नगरसेवकांचं १० टक्के. सामान्य सदस्यांपैकी ६५ टक्के लोकांनी वराडकरांच्या विरोधातल्या सायमन कोव्हनी यांना मत दिलं. म्हणजे झेंडा धरणाऱ्या कार्यकर्त्यांत वराडकर सरळ हरले. ७३ पैकी ५१ खासदार त्यांच्या बाजूने होते, म्हणून ते जिंकले. हा नियम न्याय्य आहे का? मला तरी वाटत नाही. पण नियम आधीपासून लिहिलेला होता, प्रत्येक गटाचे आकडे जाहीर झाले, आणि हरलेल्या बाजूलाही आपण कुठे हरलो ते दिसलं. कार्यकर्ता चिडला असेल, पण अंधारात नव्हता.

पुढचं तर महाराष्ट्राने वहीत लिहून घ्यावं असं. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत वराडकरांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. बहुमत कुणालाच नाही. जून २०२० मध्ये ‘फियाना फॉल’, ‘फिना गेल’ आणि ‘ग्रीन’ अशा तीन पक्षांचं सरकार आलं. पहिले दोघे जवळपास शंभर वर्षांचे प्रतिस्पर्धी. ठरलं काय? पंतप्रधानपद अडीच-अडीच वर्षं. आधी मीहॉल मार्टिन, मग वराडकर.

‘अडीच-अडीच वर्षं’ हे शब्द वाचून तुम्हाला २०१९ चा आपला नोव्हेंबर आठवला असणार. बंद खोलीत शब्द दिला होता, असं शिवसेना म्हणत होती. असा शब्द दिलाच नव्हता, असं भाजप. खोलीत काय झालं ते खोलीतल्यांनाच माहीत, आणि त्या एका न लिहिलेल्या वाक्याभोवती राज्याचं राजकारण पुढची कित्येक वर्षं फिरत राहिलं. आयर्लंडमध्ये तिन्ही पक्षांनी करार छापला आणि आपापल्या पक्षात मतदानाला टाकला. ग्रीन पक्षाच्या नियमानुसार दोन तृतीयांश संमती हवी होती. ७६ टक्के मिळाली. १७ डिसेंबर २०२२ ला मार्टिन खुर्चीवरून उठले आणि वराडकर बसले. कुणाला सुरतेला जावं लागलं नाही.

वराडकरांनी मार्च २०२४ मध्ये स्वतःहून पद सोडायचं जाहीर केलं. ती बातमी मात्र आपल्याकडे फारशी चालली नाही.

पसंतीचं मत आपल्या घरातलंच

हे सगळं तिकडे ठीक, आपल्या लोकांना इतकं किचकट जमणार नाही, असं हमखास ऐकू येतं. हा मला आळस वाटतो. आयर्लंडचा मतदार उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतो आणि मतं एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे वळतात. २०२० मध्ये तर पंतप्रधान असलेले वराडकर स्वतःच्या मतदारसंघात पाचव्या फेरीत निवडून आले. पहिल्या पसंतीत शिन फेनचा उमेदवार पुढे होता. किचकट वाटतं? आपले पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर मिळून विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आहे. तिथे हेच पसंतीक्रमाचं मत आहे. जांभळ्या शाईचा स्केचपेन, नावापुढे आकडा, आणि मोजणीच्या फेऱ्या. डिसेंबर २०२० मध्ये अरुण लाड असेच निवडून आले. राजारामपुरीतल्या हजारो पदवीधरांना ही पद्धत वापरायचा हक्क आहे. शिकवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

पोर्तुगालचंही असंच. मडगावशी नातं असलेले अंतोनियो कोस्टा २०१५ मध्ये पक्ष दुसऱ्या क्रमांकावर असताना इतरांचा पाठिंबा जमवून पंतप्रधान झाले. आता ते युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. सर्वात मोठा पक्ष विरोधात बसणं ही काही महाराष्ट्राने शोधलेली गोष्ट नाही.

एक कडू हिशेबही इथेच मांडते. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ट्रम्प-बायडेन मतमोजणी आपण जागून बघत होतो त्याच महिन्यात. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या पाच वर्षांत प्रशासक. त्या काळात ब्रिटनने जॉन्सन, ट्रस, सुनक आणि स्टार्मर असे चार पंतप्रधान बघितले आणि आम्ही चौघांच्याही बातम्या केल्या. आपल्या ८१ जागांपैकी एकाही जागेवर निवडून आलेलं कुणी नव्हतं. त्याच्याही बातम्या केल्या, पण ‘सुनक यांचं भारताशी नातं’ याला मिळालेले वाचक त्यांना मिळाले नाहीत. दोष फक्त वाचकाचा नाही. ती बातमी वाचावीशी वाटेल अशी लिहिणं आमचं काम होतं.

मग मागायचं काय?

प्राथमिक निवडणूक उद्या कोल्हापुरात येणार नाही. पक्षाने उमेदवार कसा निवडावा यावर आपला निवडणूक कायदा काहीच सांगत नाही. पण एक दार अर्धं उघडं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली तर पक्षाने त्याची कारणं जाहीर करायची, स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात आणि समाजमाध्यमांवरही. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही, असंही न्यायालय म्हणालं. पक्ष या आदेशाचं पालन कसं करतात ते तुम्ही छोट्या अक्षरातल्या त्या जाहिराती वाचून ठरवा. मला बहुतेक ठिकाणी तोच-तोच मजकूर दिसतो.

तरीही मुद्दा हा, की कारण लिहून देता येतं. गुन्हे असलेल्या उमेदवाराचं देता येत असेल, तर प्रत्येक उमेदवाराचं का नाही? किती जणांनी अर्ज केले, मुलाखती कुणी घेतल्या, शेवटची सही कुणाची आणि नाव बदललं तर का बदललं, एवढं एका पानावर छापायला कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही. लाटकरांच्या समर्थकांना आणि मधुरिमाराजेंच्या समर्थकांना, दोघांनाही ते पान ४ नोव्हेंबरला हवं होतं. युती-आघाडीच्या कराराचंही तेच : छापा, मग हात मिळवा.

पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ता-पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारून बघा : तुम्हाला कुणी निवडलं? मी जानेवारीत आमच्या प्रभागात दोघांना विचारला. एकजण म्हणाले, “साहेबांनी.” दुसऱ्यांनी हसून पत्रक पुढे केलं.

डिसेंबर २०२० ला पदवीधरच्या मतदानावेळी माझ्या पदवीला तीन वर्षं झाली नव्हती, त्यामुळे यादीत नाव घालता आलं नाही. ही यादी दर वेळी नव्याने होते, जुनं नाव आपोआप राहत नाही. यावेळी मी १८ क्रमांकाचा अर्ज भरला आहे. गाड्यावरच्या किती जणांनी भरलाय ते विचारलं, तर पेनसिल्वेनियावाल्या काकांनी उलट मलाच विचारलं, “तो कुठं मिळतोय?”