पहिल्याच सामन्यात हरलेल्या मुलांचं काय? पूल टूरकडून आपण शिकावं असं काही



आज थोड्या वेगळ्या विषयावर लिहिते आहे. विषय खेळाचा आहे, पण खेळ आपल्या मातीतला नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण हा प्रश्न तुमच्या-माझ्या शाळेतल्या मुलांचाच आहे.

आधी एक प्रसंग सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ केंद्रस्तरीय स्पर्धेला गेला होता. दोन महिने रोज शाळा सुटल्यावर सराव केला. स्पर्धेच्या दिवशी मुली पहाटे पाचला उठल्या, डब्यात भाकरी-चटणी बांधून घेतली आणि जीपमध्ये दाटीवाटीने बसून आठ वाजता मैदानावर पोहोचल्या. साडेनऊला पहिला सामना झाला आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. झालं, स्पर्धा संपली! जीप संध्याकाळी पाचला येणार होती. तोवर मुली लिंबाच्या झाडाखाली बसून दुसऱ्यांचे सामने बघत राहिल्या.

आमची कर्णधार मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आता परत कधी खेळायचं?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी, बाळा."

ती म्हणाली, "पण मी तर सातवीत आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांच्या सरावाचं मोल वीस मिनिटांत ठरलं होतं. आता सांगा, यात चूक कोणाची? पंचांची नाही, मुलींचीही नाही. चूक स्पर्धेच्या आखणीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत कशावरून झालं ते पुढे सांगते.

पूल म्हणजे काय?

माझा मामेभाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याला पूल खेळायचा नाद आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर पूल म्हणजे मोठ्या टेबलावर, काठीने खेळायचा कॅरम! आपल्या कॅरमला चार भोकं असतात, पूलच्या टेबलाला सहा. स्ट्रायकरच्या जागी पांढरा चेंडू असतो. 'नाइन बॉल' या प्रकारात १ ते ९ क्रमांकाचे चेंडू असतात. दरवेळी टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श व्हावा लागतो. नियमात राहून जो नऊ क्रमांकाचा चेंडू घालवेल, तो डाव जिंकतो.

टेबलावरच्या या खेळांशी आपलं नातं तसं जुनंच आहे. स्नूकर हा पूलचा भाऊ १८७५ साली जबलपूरच्या ब्रिटिश छावणीत जन्मला असं मानतात. १९५८ साली बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा. आजचे नामवंत खेळाडू पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच.

गेल्या दिवाळीत दादा गावी आला होता. मी त्याला वरचा प्रसंग सांगितला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अगं, आमच्या टूरमध्ये असं होतच नाही. पहिला सामना हरलेला माणूस कधीकधी स्पर्धा जिंकून घरी जातो."

मला आधी ते खरंच वाटलं नाही. मग त्याने कागद-पेन घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं.

टूर चालते कशी?

टूर म्हणजे एकच स्पर्धा नव्हे, तर वर्षभर चालणारी स्पर्धांची मालिका. या महिन्यात एका गावच्या पूल हॉलमध्ये, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या. दादासारखे नोकरदार लोक शनिवार-रविवारी तिथे जातात. प्रवेश फी भरायची, नाव नोंदवायचं. फीचा काही भाग टेबलभाडं आणि आयोजनाच्या खर्चाला जातो, उरलेला बक्षिसात. हॉलचा मालक किंवा प्रायोजक त्यात आपली भर घालतो. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून जोड्या लागतात आणि तक्ता भिंतीवर लावला जातो. टूर संचालक नावाचा एक माणूस वेळ, नियम, भांडणं हे सगळं बघतो. प्रत्येक स्पर्धेत क्रमांकानुसार गुण मिळतात, ते वर्षभर जमा होतात आणि त्यावरून वर्षअखेरीची क्रमवारी लागते.

म्हणजे बघा, एखाद्या दिवशी ताप आला, हात चालला नाही, तरी सगळं वर्ष वाया जात नाही.

तिकडे सगळंच चांगलं आहे असंही नाही. काही स्पर्धांत खेळाडूंचा लिलाव करून त्यांच्यावर पैसे लावतात. गंमत म्हणजे या लिलावाला तिकडे 'कॅलकटा' असं म्हणतात, आपल्या कोलकात्याच्या जुन्या नावावरून! हे आपल्याला नको. पण दोन गोष्टी मात्र जरूर घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट : दोनदा हरल्याशिवाय कोणी बाद नाही

आपल्याकडे एकेरी बाद पद्धत असते. हरला की घरी. पूलच्या टूरमध्ये बहुतेक ठिकाणी दुहेरी बाद पद्धत असते. भिंतीवरच्या तक्त्याला दोन बाजू असतात. न हरलेले एका बाजूला. एकदा हरलेले दुसऱ्या बाजूला, ते आपापसात खेळत राहतात. त्या बाजूला हरला की मग बाद. दुसऱ्या बाजूचा विजेता शेवटी पहिल्या बाजूच्या विजेत्याशी अंतिम सामना खेळतो. म्हणूनच पहिला सामना हरलेला खेळाडूही स्पर्धा जिंकू शकतो.

ही फक्त हौशी लोकांची सोय नाही बरं का! नाइन बॉलच्या जागतिक विजेतेपद स्पर्धेतही अलीकडच्या काही वर्षांत १२८ खेळाडूंमधून ६४ उरेपर्यंत दुहेरी बाद आणि त्यानंतर एकेरी बाद अशी आखणी केली गेली. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना दुसरी संधी मिळते आणि आपल्या दहा-बारा वर्षांच्या लेकरांना मात्र नाही, हे मला पटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, एवढे सामने घ्यायचे कधी?" प्रश्न रास्त आहे. चला, गणित करू. हे गणित पाचवीच्या मुलांनाही घालता येईल.

• प्रत्येक सामन्यात एकच संघ हरतो.
• ८ संघांत एक विजेता हवा असेल तर ७ संघ एकदा हरले पाहिजेत. म्हणून एकेरी बाद पद्धतीत ७ सामने.
• दुहेरी बाद पद्धतीत तेच ७ संघ प्रत्येकी दोनदा हरले पाहिजेत. म्हणून १४ सामने. विजेता स्वतःही एकदा हरला असेल तर १५.

एक सामना २० मिनिटांचा धरला तर ७ सामन्यांना २ तास २० मिनिटं लागतात, १४ सामन्यांना ४ तास ४० मिनिटं. मुलगे आणि मुली दोघांसाठी दोन मैदानं आखली तर केंद्रस्तरावर हे एका दिवसात बसतं. शेवटी मुलं तर दिवसभर तिथेच असतात!

तेवढाही वेळ नसेल तर निदान एवढं करा. पहिल्या फेरीत हरलेल्या ४ संघांचे आपापसात २ सामने घ्या. एकूण सामने ७ चे ९ होतील. फक्त ४० मिनिटं जास्त, पण एकही संघ एका सामन्यात घरी जाणार नाही.

दुसरी गोष्ट : कच्च्या खेळाडूलाही खरी संधी

दादाच्या टूरमध्ये नवखा आणि मुरलेला खेळाडू समोरासमोर येतात. मग नवखा हरणारच ना? नाही. तिथे प्रत्येकाचा दर्जा ठरलेला असतो आणि त्यानुसार जिंकण्याचं लक्ष्य बदलतं.

अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन या हौशी खेळाडूंच्या मोठ्या संघटनेचं उदाहरण घ्या. त्यांच्या नाइन बॉलमध्ये १ ते ९ असे दर्जे आहेत. १ ते ८ क्रमांकाच्या चेंडूंना एकेक गुण, नऊच्या चेंडूला दोन. पहिल्या दर्जाच्या खेळाडूला सामना जिंकायला १४ गुण लागतात, नवव्या दर्जाच्या खेळाडूला ७५. दोघेही आपापल्या लक्ष्याकडे धावतात, जो आधी पोहोचेल तो जिंकला.

हे ऐकताना मला आपल्या अंगणातलं 'लिंबूटिंबू' आठवलं. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही. आपल्या पूर्वजांनाही ही जाण होतीच की! पण एक मोठा फरक आहे. लिंबूटिंबूचं खेळणं मोजलं जात नाही, आणि ते त्या पोराला बरोबर कळतं. तिथे मात्र नवख्याचे १४ गुण खरे असतात, त्याचा विजयही खरा असतो.

यातही लबाडी शिरते. काही जण मुद्दाम वाईट खेळून आपला दर्जा खाली ठेवतात, म्हणजे मोठ्या स्पर्धेत सोपं लक्ष्य मिळावं. म्हणून तिथे दर्जा वरचेवर तपासला जातो आणि संशय आला तर वाढवलाही जातो. नियम चांगला असला तरी त्याच्यावर लक्ष ठेवणारं माणूस लागतंच.

शाळा-शाळांच्या स्पर्धेत ही पद्धत आणावी असं मी म्हणत नाही. तिथे वाद होतील. पण वर्गात? पाढे, शुद्धलेखन, वाचन यांत ती सहज वापरता येते.

आम्ही करून पाहिलं

नुसतं बोलून काय उपयोग? 'आनंददायी शनिवार'ला आम्ही ८ मुलांची कॅरम स्पर्धा दुहेरी बाद पद्धतीने घेतली. दोन बोर्ड, एका डावाचा एक सामना. फळ्यावर दोन तक्ते काढले, ते भरायचं काम चौथीच्या मुलांना दिलं. सगळे सामने दोन शनिवारांत झाले.

पहिल्या फेरीत हरलेला एक मुलगा नेहमीप्रमाणे रुसून कोपऱ्यात बसला. त्याला सांगितलं, "अरे, तू अजून बाद नाहीस. तुझा सामना बाकी आहे." तो उठला, बोर्डाजवळ जाऊन उभा राहिला आणि दुसऱ्यांचे डाव लक्ष देऊन बघू लागला. शेवटी तो तिसरा आला. तिसरा आला याचं मला फार अप्रूप नाही. तो हरल्यानंतर *बघायला* लागला, याचं आहे. आपण कुठे चुकलो हे शोधायचं कारण त्याला मिळालं होतं, कारण पुढचा सामना समोर होता.

काही सहकारी म्हणतात, "मुलांना हार पचवता आली पाहिजे. दुसरी संधी देऊन आपण त्यांना लाडावतो." पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. पण हार पचते कधी? हरल्यावर परत उभं राहून खेळायला मिळतं तेव्हा. झाडाखाली बसून जीपची वाट बघताना हार पचत नाही, नुसती साचते. आणि दुहेरी बाद पद्धत काही फुकट देत नाही. हरलेल्याला परत वर यायला जास्त सामने खेळावे लागतात. यात लाड कुठे आले?

आपण वर्गात चाचणी घेतो. मूल नापास झालं तर पुन्हा शिकवतो, पुन्हा चाचणी घेतो. त्याला उपचारात्मक अध्यापन म्हणतो, त्याच्या नोंदी ठेवतो. मग मैदानावर गेल्यावर हेच तत्त्व आपण का विसरतो?

माझी विनंती

यंदा केंद्राच्या नियोजनाच्या बैठकीत सामन्यांचा तक्ता ठरेल तेव्हा एकाने तरी हात वर करून विचारा, "पहिल्या फेरीत हरलेल्या संघांचं काय?" उत्तर तयार असू द्या : आठ संघ असतील तर फक्त दोन सामने जास्त. त्यासाठी निधी लागत नाही, वरून आदेश लागत नाही, चुन्याची एक जादा रेघही लागत नाही.

आमची ती कर्णधार आता हायस्कूलला जाते. तिचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला आहे. यंदाच्या सातवीच्या मुली पटांगणात सराव करत आहेत. त्यांच्यापैकी कोणी तो प्रश्न परत विचारलाच, तर मला म्हणता आलं पाहिजे, "थांब, पाणी पिऊन घे. अर्ध्या तासाने परत आपलाच सामना आहे."