दोन जाळांचा एक सांधा

मराठी शिकविणाऱ्या माणसाने वेल्डिंगवर लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण आमचा अर्धा धंदा संधीचाच आहे! 'गण' आणि 'ईश' जवळ आले की 'गणेश' होतो. अ आणि ई दोघेही आपले रूप सोडतात. लोखंडाचेही तसेच, हे मला एका जुन्या विद्यार्थ्याने दाखविले. बी. ए. अर्ध्यावर टाकून तो आयटीआयत गेला. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना उभा राहिला आणि २५ डिसेंबर २०२० ला तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. तेव्हापासून आमच्या किनवटच्या अनेक पोरांची नजर तिकडे आहे.

त्याने विचारले, "सर, आता म्हणे लेसर आणि आर्क एकत्र लावून यंत्रच जोडकाम करते. मग आम्ही हात कशाला बसवायचा?"

प्रश्न पोटापाण्याचा होता, म्हणून मी वाचत बसलो. बाजारात ट्रॉलीची चौकट जोडताना डोळे दिपविणारा जो जाळ दिसतो, तो आर्क. तो रुंद असतो, भरीव धातू घालतो, फट बुजवतो. पण फार खोल शिरत नाही, आणि वेगाने पळवला की भरकटतो. लेसरचा किरण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एकवटतो व धातूची वाफ करीत खोल, अरुंद भोक पाडतो. मात्र दोन पत्र्यांत मिलिमीटरच्या एकदोन दशांशांहून अधिक फट राहिली, की त्याची पंचाईत! सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या इंपीरियल कॉलेजात विल्यम स्टीन यांनी दोघांना एकत्र आणले. किरणाने उठलेल्या धातूच्या वाफेतून विजेला सोपी वाट मिळते, आणि भरकटणारा आर्क तिथेच चिकटून राहतो. जर्मनीत पापेनबुर्गच्या मायर गोदीत या शतकाच्या आरंभी जहाजांचे लांबच लांब पत्रे याच रीतीने जोडू लागले.

पण हा संसार नाजूक. दोघांत अंतर साधारण दोनचार मिलिमीटर हवे. फार दूर गेले, तर ज्याचा त्याचा सांधा वेगळा. फार जवळ आले, तर आर्कमधून पडणारे थेंब किरणाच्या भोकात गडबड करतात. भोक मध्येच मिटले की वाफ आत कोंडते आणि पोकळ्या राहतात. वरून सांधा अगदी गुळगुळीत! रेल्वेच्या डब्यात असा पोकळ सांधा म्हणजे आत बसलेल्यांच्या जिवाशी खेळ. म्हणून यंत्रावर कॅमेरे असतात, आणि विजेचा प्रवाह व दाब सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो.

आमच्या बाजारातले उस्ताद हेच कानाने करतात. कढईत चकली तळल्यासारखा एकसारखा तडतड आवाज आला, तर काम ठीक. फटफट झाली की ते हात आवरतात. यंत्राचे आकडे बिघडले म्हणजे धातूचे काय बिघडले, हे ज्याने असा आवाज ऐकला आहे त्याला चटकन उमजेल, असे मला वाटते. तसे मी त्याला सांगितले.

परवा त्याने आपलाच एक सांधा करवतीने मधोमध कापून आणला. आत तीन बारीक छिद्रे होती.

"रॉड दमट होते, सर," तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा पिशवीतून काढू लागला.