बॅज कुणाच्या छातीवर, रेडिएशन कुणाच्या अंगावर?

रेडिएशन म्हटले की चळवळीतील अनेकांना तो शास्त्रज्ञांचा विषय वाटतो. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती, गटारात गुदमरून जाणारे जीव यावर आपण बोलतो. एक्स-रेच्या खोलीत कोण उभे असते यावर बोलत नाही. आम्ही म्हणतो, बोलले पाहिजे. ज्या देशात कोणते काम कोणी करायचे हे जात ठरवत आली, तिथे कुणाच्या अंगावरचा धोका मोजायचा हेही तटस्थपणे ठरत नाही.

आधी मोजमाप समजून घेऊ. रेडिएशनच्या कामात असलेल्यांच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. त्यातील कॅल्शियम सल्फेटच्या चकत्यांमध्ये रेडिएशनची ऊर्जा साठते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्यावरून डोस काढतात. साधारणपणे दर तीन महिन्यांनी ही तपासणी होते व आकडा राष्ट्रीय डोस नोंदवहीत जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची कामगारांसाठीची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला फक्त १.

आता रुग्णालयात चला. रडणारे लेकरू किंवा थरथरणारा म्हातारा एक्स-रेच्या वेळी धरून ठेवायला कोणाला बोलावतात? वॉर्डबॉयला, मावशींना. पाइपलाइनचे वेल्डिंग तपासताना इरिडियमच्या स्रोताची पेटी उचलायला कोणाला सांगतात? ठेकेदाराच्या हेल्परला. यांच्या छातीवर बॅज नसेल तर कागदोपत्री ते 'सामान्य नागरिक' ठरतात आणि उभे मात्र कामगाराच्या जागी असतात. डोस शून्य आहे म्हणून नोंद नाही, असे नाही; नोंद नाही म्हणून डोस शून्य धरला जातो.

याचा संशोधनाशी संबंध काय? थेट संबंध आहे. कमी डोसाचा परिणाम एका कारखान्याच्या आकड्यांतून दिसत नाही. त्यासाठी अनेक देशांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात, वेगवेगळ्या काळातील बॅजचे आकडे एका मापात आणावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १५ देशांतील चार लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांचा असा अभ्यास केला. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्या १५ देशांत भारत नव्हता. पुढे फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतील तीन लाखांहून अधिक कामगारांच्या अभ्यासाने २०१५ आणि २०२३ मध्ये दाखवले की डोस वाढतो तसा कर्करोगाने मृत्यूचा धोकाही वाढतो, आणि हे कमी डोसातही दिसते.

पण १५ देशांच्या अभ्यासाचा एक धडा महत्त्वाचा आहे. कॅनडातील काही जुन्या कामगारांच्या डोस नोंदी अपुऱ्या होत्या, हे नंतर लक्षात आले. त्या वगळल्यावर कॅनडाचा निष्कर्षच बदलला. एका देशातील काही गहाळ नोंदींनी एवढा फरक पडतो, तर ज्यांची नोंदच कधी झाली नाही अशा माणसांच्या जोरावर आपण 'सर्व सुरक्षित आहे' म्हणतो त्याला काय अर्थ?

२०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय घडले आठवा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने यंत्र लिलावात विकले गेले, आत कोबाल्ट-६० तसेच. ते तोडणाऱ्या बाजारातल्या माणसांपैकी एक मेला, इतर रुग्णालयात गेले. त्यांच्याकडे बॅज कुठून असणार? त्यांचा डोस त्यांच्या रक्तातील गुणसूत्रांवरून काढावा लागला. उच्चशिक्षितांच्या निष्काळजीपणाची नोंद भंगारवाल्याच्या रक्तात झाली!

नुसते मोजूनही भागत नाही. अमेरिकेत १९५० पासून युरेनियम खाणकामगारांचा सरकारी अभ्यास झाला. त्यांत नावाहो आदिवासी होते. खाणीतला रेडॉन मोजला गेला, धोका मात्र कामगारांना सांगितला गेला नाही. भरपाईचा कायदा यायला १९९० उजाडले. ज्याचे शरीर, त्याच्या हातात आकडा नसेल तर ते संशोधन नव्हे, वापर आहे.

"विज्ञानात जात कशाला आणता?" असे विचारले जाईल. गॅमा किरणाला जात नसते, हे आम्हालाही कळते. पण कंत्राटाला असते, हजेरीपटाला असते, 'जरा धर रे' म्हणून कुणाला हाक मारायची त्या सवयीला असते.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये कोळसा खाणींची पाहणी करायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. कामगाराची स्थिती मालकाच्या अहवालावरून ठरवायची नसते, हा त्यातला धडा आपण घ्यायचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रेडिएशनच्या जागी काम करणाऱ्या प्रत्येकाला, कंत्राटी असो वा कायम, बॅज मिळाला पाहिजे. ठेकेदार बदलला तरी नोंद माणसाबरोबर गेली पाहिजे आणि आकडा त्याला मराठीत, लेखी मिळाला पाहिजे. अणुकेंद्रे, रुग्णालये, कारखाने आणि भंगार बाजार यांचा एकत्रित अभ्यास व्हावा. त्यात नोकरीचा प्रकार आणि सामाजिक प्रवर्ग नोंदवावा, अभ्यासाच्या समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत.

तोपर्यंत विज्ञान शिकणाऱ्या भावाबहिणींनी एवढे करावे. आपल्या तालुक्यातील एक्स-रे केंद्रात जावे आणि विचारावे : इथे बॅज किती, आणि माणसे किती?

जय भीम!