लग्नाची डीव्हीडी आणि लहान फाइलची घाई

डीव्हीडी घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल एवढं लहान करून द्या.’ हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन तासांचं लग्न असतं. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नाही, घरातला प्लेअर कधीच भंगारात गेला, आणि आता कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आईबापांचं लग्न मोबाइलवर बघायचंय. मागणी रास्त आहे. पण लहान करणं हे दुसरं काम झालं. पहिलं काम म्हणजे डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवून घेणं. लोक ही दोन्ही कामं एका दमात उरकायला जातात, आणि बिघडलेली फाइल घेऊन माझ्याकडे येईपर्यंत बऱ्याचदा मूळ डिस्कही वाचायची बंद झालेली असते.

कराडात आमचा फोटो स्टुडिओ. शूटिंगला नवरा जायचा, मिक्सिंग मी करायचे, त्यामुळे त्या डिस्कच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे. मिनी डीव्ही टेपवरचं चित्र तासाला साधारण १३ जीबी. तीन तासांचे ३९ जीबी आम्ही ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवायचो. (कॉम्प्युटर हीच डिस्क ४.३७ जीबीची दाखवतो, त्याची मोजायची रीत वेगळी म्हणून. त्यावरून माझ्याशी भांडलेली माणसं आहेत.) म्हणजे ऊस आधीच एकदा चरकातून गेलेला आहे. त्यातून परत ३०० एमबीची फाइल काढायची म्हटलं की हाती चिपाडं येतात. अक्षता पडायला लागल्या की हे लगेच दिसतं. हवेत एकदम हजार बारीक ठिपके हलतात, तेवढं सगळं साठवायला फाइलमध्ये जागा नसते, आणि ऐन मुहूर्तावर नवरानवरीच्या तोंडावर चौकोन उमटतात.

टेप महाग, म्हणून मिक्सिंग झालं की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायची, हे धंद्यात सगळीकडे चालायचं. तेव्हा स्टुडिओत जाऊन ‘मास्टर आहे का?’ विचारण्यात अर्थ नाही. तुमच्या कपाटातली डिस्क हीच मूळ प्रत.

आता बिघाडांचं बघू. सगळ्यात जास्त तक्रार रेघांची. नवरीनं मान वळवली की शालूच्या काठाला आडव्या रेघा फुटतात. यात डिस्कचा काही दोष नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत घेतलेलं, एका भागात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुना डबा टीव्ही ते अर्धे भाग एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, आणि तेवढ्या वेळात हललेली वस्तू फाटलेली दिसते. हँडब्रेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा. त्यातला बॉब हा पर्याय घेतला तर सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि वरातीतला नाच मूळच्यासारखा सळसळीत राहतो. मात्र हे न करता चित्राची लांबी-रुंदी कमी केली, तर त्या रेघा चित्रातच मुरतात. मग त्या निघत नाहीत, कुणी कितीही पैसे घेतले तरी.

दुसरी तक्रार ऐकून हसू येतं : ‘ताई, सगळे जाड कसे दिसतात?’ डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, पण ते ठिपके चौरस नसतात. जुन्या आकाराचं चित्र ७६८ बाय ५७६ असं दिसायला हवं, रुंद पडद्याचं १०२४ बाय ५७६ असं. ‘जुनी डीव्हीडी फुल एचडीत करून मिळेल’ अशी पाटी लावणारे बरेच जण तेच चित्र ताणून १९२० बाय १०८० मध्ये बसवतात. टेपवर जो बारकावा उतरलाच नाही तो ताणल्यानं येत नाही, येते ती फक्त अख्ख्या वऱ्हाडाच्या अंगावर चरबी. या पाटीचा मला मनापासून राग आहे.

तिसरी तक्रार आवाजाची. अंतरपाट खाली आला, हार पडले, आणि ‘शुभमंगल सावधान’ मागाहून ऐकू येतंय. डिस्कमधल्या व्हिडिओ टीएस फोल्डरात १ जीबीच्या आतबाहेरचे व्हीओबी तुकडे असतात. लोक एकेक तुकडा वेगळा बदलतात आणि मग जोडतात. प्रत्येक तुकड्यात आवाज आणि चित्राची लांबी किंचित वेगळी, तो फरक सांध्यासांध्याला साठत जातो. तुकड्यांना हात न लावता सॉफ्टवेअरला पूर्ण फोल्डर द्यावा. आणि मेनू असलेल्या डिस्कवर साखरपुडा, हळद, लग्न हे वेगवेगळे टायटल असतात. सॉफ्टवेअर आपण होऊन त्यातलं मुख्य, बहुधा सगळ्यात लांब, तेवढंच निवडतं. हळद गेली म्हणून रडकुंडीला येण्याआधी टायटलची यादी उघडून बघा.

डिस्क वाचतच नसेल तर मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हनं नाकारलेली डिस्क दुसरा मुकाट्यानं वाचतो, हे धंद्यात नेहमीचं आहे. घरच्या रेकॉर्डरवर भरलेली डिस्क कोरी दिसत असेल तर ती फायनलाइज झालेली नसण्याची शक्यता मोठी. तो रेकॉर्डर घरात असेल तर त्याच्यावरच ते काम करून घ्या. तरीही अडली तर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो आधी चांगला भाग उचलतो, मग खराब जागांवर परत परत येतो, आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ठेवतो.

विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कचं प्रकरण निराळं. त्यांना बहुधा कुलूप असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं, आणि हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं गुन्हा ठरलं. तसली कामं मी दुकानात घेत नाही. तुमच्या लग्नाला कुलूप नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दुकानदाराला भाव विचारायच्या आधी ‘डिस्कची पूर्ण नक्कल देणार का?’ हे विचारा. आयएसओ म्हणा किंवा अख्खा फोल्डर, दोन्ही चालतील. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेवर डिस्क मावतात, तेव्हा जागेचं रडगाणं कुणी लावलं तर ऐकू नका. दोन वेगळ्या ड्राइव्हवर नक्कल झाली, चालवून बघितली, की मग लहान करा. हँडब्रेकमध्ये आरएफचा आकडा १८ ते २२ मध्ये ठेवा. हा आकडा उलटा चालतो, वाढवाल तसं चित्र खराब होतं. फाइल बऱ्याचदा निम्म्यावर येईल. मंगल कार्यालयातल्या अंधुक उजेडातलं शूटिंग असेल तर तेवढी येणार नाही, कारण त्यात दाणे फार.

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. तिथं व्हिडिओ म्हणून टाकलं की ते स्वतःच परत आवळतं. डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून मोठी निघाली तर हळद वेगळी पाठवा, लग्न वेगळं.