घरातला जुना लॅपटॉप आई-वडिलांना नको

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने नवा लॅपटॉप घेतला की जुना कुठे जातो, हे पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो आई-वडिलांकडे येतो. म्हणणं असं, की बाबांना पेन्शन जमा झाली का ते बघायचं, नातवाला व्हिडिओ कॉल लावायचा, कधी सातबारा काढायचा, कधी रेल्वेचं तिकीट. एवढ्याला नवा कशाला?

हे म्हणणं मुळातच चुकीचं आहे. काम किती हलकं, यावरून लॅपटॉप ठरवू नये. तो बंद पडला तर माणसाचं किती अडतं, यावरून ठरवावा. हिंजवडीत बिघाड झाला तर कंपनीचा माणूस जागेवर येतो. पाथरीत वडील मुलाला फोन लावतात, मुलगा मीटिंगमध्ये असतो, आणि लॅपटॉप दिवाळीपर्यंत कपाटात जातो. ज्याच्या जवळ मदत कमी, त्याच्याकडे भरवशाचं यंत्र हवं.

शिवाय विंडोज १० ला कंपनीने देऊ केलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद. ज्यावरून बँकेचे व्यवहार करायचे, त्यालाच सुरक्षेचे अपडेट नसतील तर त्याला मी काटकसर म्हणणार नाही. जुना घ्यायचाच तर थिंकपॅड टी४८० किंवा लॅटिट्यूड ७४९० सारखा, कचेऱ्यांतून वापरून परत आलेला आठव्या पिढीचा घ्यावा आणि बॅटरी नवी टाकून घ्यावी. त्याला माझी ना नाही.

'मोबाइल आहे की!' हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवरूनच देता येतो, हे खरंच. पण विम्याच्या दाव्याचा चार पानी फॉर्म, आयकराचं विवरण, जमिनीच्या जुन्या कागदांच्या पीडीएफ हे सगळं सहा इंचांच्या पडद्यावर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी करून बघा. लिहिण्याची हौस असलेल्या निवृत्त शिक्षकाला तर कीबोर्डच लागतो. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्टची सोय असतेच, वेगळा पैसा पडत नाही.

दुसऱ्या टोकाला सर्वांत स्वस्त घेणारे असतात. २०२३ मध्ये आलेलं जिओबुक १६,४९९ रुपयांचं आणि ९९० ग्रॅमचं होतं. वजनाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पण मेमरी ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी. त्यात जिओची स्वतःची प्रणाली होती म्हणून ते चाललं. विंडोज ११ ची किमान अटच तेवढी आहे. एवढ्याच क्षमतेचा स्वस्त विंडोज लॅपटॉप घेतला की वर्षभरात अपडेटला जागा उरत नाही आणि ब्राउझर उघडेपर्यंत चहा होतो.

मग घ्यावा कोणता? ८ जीबी मेमरी, निदान २५६ जीबीची एसएसडी, आय३ किंवा रायझन ३ च्या तोडीचा प्रोसेसर, न चमकणारा आयपीएस पडदा. ४० हजारांच्या आसपास हे जमतं. पडदा १४ इंची. 'म्हाताऱ्या डोळ्यांना मोठा बरा' म्हणून १५.६ इंची घेणारे अक्षरं सेटिंगमध्ये मोठी करता येतात हे विसरतात, आणि वजनही विसरतात. पाथरीला रेल्वे नाही. गाडी मानवत रोडला धरायची. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत, बायकांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात. ही पिढी फिरते ती एसटीने, आणि एसटीच्या उंच पायऱ्या चढताना खांद्यावरच्या पिशवीत पावणेदोन किलो आहेत की १४०० ग्रॅम, हे गुडघ्यांना लगेच कळतं. टाइप-सीने चार्ज होणारा असला तर प्रवासात फोन आणि लॅपटॉप एकाच चार्जरवर भागतात. मात्र चार्जर लॅपटॉपचा न्यायचा, फोनचा त्याला पुरत नाही.

बॅटरी चांगली असली तर वीज गेली तरी काम थांबत नाही. पण परभणी जिल्ह्याचा उन्हाळा बॅटरीला मारतो. गादीवर ठेवून वापरला तर खालच्या हवेच्या फटी बुजतात आणि तो आणखी तापतो. साधा लाकडी पाट पुरे.

दुरुस्तीला माणूस घरी येईल अशी वॉरंटी घ्यावी. दुकानदार 'येतो की' म्हणाला तरी पाथरीचा पिनकोड सांगून कंपनीला स्वतः विचारावं. विंडोजचं खातं साधं ठेवावं, प्रशासकाचं मुलाकडे असावं. आणि 'बँकेतून बोलतोय' म्हणत कुणी एनीडेस्कसारखं, दुरून लॅपटॉप ताब्यात घेऊ देणारं ॲप घ्यायला लावलं तर फोन ठेवून द्यायचा, हे दोघांनाही समोर बसून सांगावं. रिझर्व्ह बँकेने या फसवणुकीचा इशारा २०१९ मध्येच दिला होता.